मुलींच्या शाळेचं निवासी शिबिर: पालक स्वयंसेवकांनी काय करायचं, कधी आणि कसं

चौथी ते सातवीच्या मुलींचं दोन मुक्कामांचं शिबिर शाळेला एकटीने पेलत नाही. साठ मुली असतील तर रात्रंदिवस जागेवर आठ-दहा मोठी माणसं लागतात, आणि तेवढ्या बाई एकाच वेळी वर्ग सोडून निघू शकत नाहीत. मग पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय निघतो, उत्साहाने हात वर होतात आणि पुढे नेमकं काय करायचं हे कोणालाच माहीत नसतं. हा लेख त्या हात वर केलेल्या आई-बाबांसाठी आहे. उदाहरण पुण्यातल्या मराठी शाळेचं घेतलंय, कारण तेच मला जवळून माहीत आहे. नाशिक, कोल्हापूर किंवा पणजीच्या शाळेला यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. शिबिरात पालकांनी धोका दूर ठेवायचा असतो आणि कष्ट मुलींकडेच राहू द्यायचे असतात. मुलींच्या बाबतीत आपल्या हातून नेमकं उलटं होतं. अंथरुणं आपण घालतो, ताटं आपण विसळतो, तंबूचे खुंटे बाबांपैकी कोणीतरी ठोकतं. आणि ज्या विहिरीला कठडा नाही तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. पुढची प्रत्येक पायरी या एका सूत्रावर तपासून बघा.

तीन महिने आधी: जागा स्वतः जाऊन बघा

पुण्याच्या आसपास नोव्हेंबर ते जानेवारी हाच काळ योग्य. पावसाळ्यात ओढे तासाभरात चढतात, घाटात दरडी येतात, आणि ओल्या तंबूत दहा वर्षांची मुलगी रात्र काढू शकत नाही. मार्चनंतर डोंगर वाळतात, पाणी आटतं, वणवे लागतात. मुळशी, वेल्हे, भोर, पुरंदर या भागांत मुक्कामाच्या बऱ्याच जागा आहेत. शहरापासून दोन-अडीच तासांच्या पलीकडे जाऊ नका. लहान मुलींना बस लागते, आणि रात्री एखादीला परत आणायची वेळ आली तर अंतर कमी असलेलं बरं.

जागा बघायला एक बाई आणि दोन पालक असे तिघे जा. त्यातली एक तरी आई असावी. छायाचित्रांवर आणि फोनवरच्या बोलण्यावर जागा ठरवायची नाही. तिथे गेल्यावर जेवणघर आणि निसर्ग शेवटी बघा, आधी संडास बघा. दारांना आतून कड्या लागतात का, पाणी आत आहे की बाहेरून बादली न्यावी लागते, दिवा आहे का, झोपण्याच्या जागेपासून तिथवरची वाट कशी आहे. दहा-बारा मुलींमागे एक संडास हे माझं किमान माप आहे. त्याहून कमी असतील तर पहाटे रांग लागते आणि बिचाऱ्या मुली दिवसभर पाणी प्यायचं टाळतात.

त्यानंतर पाण्याच्या जागा. तळं, बंधारा, उघडी विहीर आवारात किंवा लगत असेल तर कुंपण बघा. मी तर सांगेन की मुलींना पाण्यात उतरवण्याचा कार्यक्रमच ठेवू नका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले, आणि ते महाविद्यालयातले मोठे विद्यार्थी होते. जीवरक्षक नाही, पाण्याची खोली माहीत नाही, तर घोटाभर पाणीसुद्धा नको.

झाडांवर आणि कड्यांवर आग्या मोहोळ आहे का, हे गावातल्या माणसाला विचारा. त्या रात्री तिथे दुसरा कोणता गट उतरणार आहे, तिथले पुरुष कर्मचारी कुठे झोपतात, फोनची रेंज नेमकी कुठे मिळते, हेही विचारा. वेल्ह्याच्या खोऱ्यात टेकाडाच्या एका बाजूला रेंज असते आणि दुसऱ्या बाजूला नसते. मग गाडीत बसा आणि सर्वांत जवळच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत खरोखर जाऊन या. घड्याळ लावा. तिथे सर्पदंशाची लस आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का, हे आत जाऊन विचारा. या एका फेरीला कंटाळू नका.

दोरीवरून उतरणं, झिपलाइन असं काही असेल तर महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्राची प्रत मागा. द्यायला कां-कूं करणाऱ्याकडे जाऊ नका.

अडीच महिने आधी: पालकांची निवड

हात वर केला म्हणजे निवड झाली, असं होता कामा नये. एक पानाचा अर्ज ठेवा आणि मुख्याध्यापिका व वर्गशिक्षिका यांनी प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलावं. पोलीस पडताळणीचा दाखला सगळ्यांकडून घ्या, डॉक्टर असो, वकील असो की पालक-शिक्षक संघाचे अध्यक्ष. सगळ्यांनाच लागू केलं की कोणाला अपमान वाटत नाही. राज्यातल्या शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते. शिबिराचा आराखडा तिच्यापुढे ठेवा आणि तिची एक सदस्य शिबिरात येईल असं बघा.

चौथी-पाचवीसाठी सहा मुलींमागे एक मोठं माणूस, सहावी-सातवीसाठी आठ मुलींमागे एक. यात स्वयंपाकी आणि बसचालक मोजायचे नाहीत.

वडिलांना वगळू नका. मुलींच्या शाळेत हा प्रश्न दरवेळी येतो आणि दरवेळी कुजबुजत येतो, म्हणून बैठकीत उघड बोला. वडिलांनी चुलीशी काम करावं, सामान चढवावं, वाटेवर पुढे-मागे चालावं, रुग्णालयाची गाडी सांभाळावी. बाबालोक साठ जणींसाठी पोहे करताहेत हे मुलींनी जरूर बघावं. पण मुलींच्या झोपण्याच्या भागात आणि न्हाणीघरांकडे फक्त बायका जातील, आणि वडिलांचा मुक्काम वेगळ्या बाजूला असेल. नियम एवढा साधा ठेवला की कोणाला अवघडायला होत नाही.

ज्या आया धुणीभांड्याची कामं करतात, दुकानात किंवा कारखान्यात पाळीत जातात, त्यांना तीन दिवस सुटी मिळत नाही. त्यांच्या नावापुढे फुली मारू नका. शिधा मोजून बांधणं, पिशव्या तपासणं, आदल्या संध्याकाळचा सराव, परतीच्या रात्री मुलींना घरी सोडणं अशी कितीतरी कामं शहरातच असतात. साठ माणसांच्या स्वयंपाकाचा अंदाज ज्यांना हाताने येतो अशा आया बहुतेक याच असतात. त्यांनी ठरवलेला शिधा सहसा कमी पडत नाही आणि वायाही जात नाही.

निवड झाली की एक बैठक फक्त नियमांची घ्या आणि सह्या घ्या:

- कोणत्याही मोठ्या माणसाने एका मुलीसोबत बंद जागेत एकटं राहायचं नाही. औषध द्यायचं, समजूत काढायची, कपडे बदलायला मदत करायची, तरी दुसरी बाई जवळ हवी.
- स्वतःची मुलगी स्वतःच्या गटात नाही.
- मुलींची छायाचित्रं शाळेने नेमलेली एकच व्यक्ती काढेल. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर काही जाणार नाही.
- तंबाखू, सिगारेट, दारू काहीही नाही. शिबिराच्या हद्दीबाहेर जाऊनही नाही.
- मुलीने काही त्रासदायक सांगितलं तर ऐकून घ्यायचं, उलटतपासणी करायची नाही, आणि लगेच प्रमुख बाईंना सांगायचं.

शेवटच्या मुद्द्यावर थांबून बोला. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. ‘आधी शाळेत आपापसात बघू’ हा पर्याय कायद्यात नाही. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या, मुलींनाही पाठ करून घ्या.

स्वतःच्या मुलीचा नियम आयांना सर्वांत जड जातो. लेक तीस फुटांवर रडतेय आणि दुसरी बाई तिच्याशी बोलतेय हे बघत राहणं सोपं नसतं. तरीही पाळा. नाहीतर आई आलेल्या मुली आणि आई न आलेल्या मुली असे दोन वर्ग पहिल्याच संध्याकाळी पडतात. मुलींनी सगळ्याच आयांना ताई किंवा मावशी म्हणावं, स्वतःच्या आईलाही, हा उपाय चांगला चालतो. पाचवीतल्या मुलींना त्यात खेळाची मजा येते.

महिनाभर आधी: आरोग्यपत्रक आणि दोन मिनिटांचं बोलणं

छापील पत्रकात पालक सगळ्यापुढे ‘नाही’ लिहून टाकतात. म्हणून पत्रक घेताना प्रत्येक पालकाशी एका बाईने समोरासमोर दोन मिनिटं बोलावं. दमा आहे का, पंप कोणता, तो मुलीला स्वतःला वापरता येतो का. फिट्स आल्या होत्या का. कशाची ॲलर्जी आहे. आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचं कूट न सांगता पडतं: साबुदाण्यात, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, चटणीत. एका मुलीला दाण्यांचा त्रास असेल तर तीन दिवस स्वयंपाकघरात दाणेच आणायचे नाहीत. तिच्यापुरतं वेगळं करू म्हटलं की तोच डाव एका पातेल्यातून दुसऱ्यात जातो.

झोपेत अंथरूण ओलं होतं का, हा प्रश्न हळू आवाजात पण नक्की विचारा. नऊ-दहा वर्षांच्या काही मुलींना हा त्रास असतो आणि त्या भीतीने त्या शिबिराला येतच नाहीत. अशा मुलीला रात्री अकराला आणि पहाटे चारला हलकेच उठवायचं, जास्तीचं पांघरूण मावशींकडे ठेवायचं, आणि सकाळी कोणाच्या लक्षात यायच्या आत सगळं बदलून टाकायचं.

पाळीबद्दल पाचवीपासून पुढच्या सगळ्या मुलींशी निघण्याआधी बोला. काहींना दहाव्या वर्षीच सुरू होते, आणि घरापासून दूर पहिल्यांदाच सुरू झाली तर मुलगी घाबरते. कुठल्या मावशीकडे पॅड आहेत, ते कसं लावायचं, वापरलेलं कागदात गुंडाळून कुठे टाकायचं, ओले कपडे कुठे वाळवायचे हे सगळं आधी सांगून ठेवा. प्रत्येक संडासात झाकणाचा डबा आणि कागद ठेवा, म्हणजे कोणाला मागायला जावं लागत नाही. पाळी आली म्हणून एकाही मुलीला चढणीवरून, स्वयंपाकातून किंवा शेकोटीवरून बाजूला बसवायचं नाही. घरी काहीही पाळत असोत. शिबिरात हा नियम शाळेचा.

खर्च आणि पिशवी

वर्गणी अशी ठरवा की कोणी मागे राहणार नाही. काही पालक जास्त देतील, काही कमी. हिशेब फक्त बाईंना माहीत असावा. एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात सवलत देतं, आगाराकडे शाळेच्या पत्रावर वेळेत मागणी नोंदवा. नवे बूट, नवी सॅक घ्यायला कोणाला लावू नका. शाळेत ये-जा करायचे कापडी बूट पुरतात, सॅक दप्तराचीच चालते.

मुलीने स्वतः उचलून पाचशे पावलं चालता येईल एवढंच सामान. त्यात: पूर्ण बाह्यांचे दोन जोड, स्वेटर, कानटोपी, चादर आणि शाल, तीन जोड मोजे, पाण्याची एक लिटरची बाटली, विजेरी, ताट-वाटी-पेला, दात घासायचं सामान, स्वतःचा कंगवा. कंगवा स्वतःचाच, कारण शेजारी शेजारी झोपणाऱ्या मुलींमध्ये उवा भराभर पसरतात. डिसेंबरात वेल्हे-मुळशीकडे पहाटे हाडं गारठतात, पुण्यातल्या स्वेटरवर शाल लागतेच. मोबाइल नाही, सोन्याचे कानातले नाहीत, खाऊ नाही. पिशवी मुलीने स्वतः भरायची आणि आईने फक्त यादी वाचायची. आईने भरलेल्या पिशवीतलं मुलीला काहीही सापडत नाही.

आठवडाभर आधी: मैदानावरची संध्याकाळ

शाळेच्या मैदानावर एक संध्याकाळ सराव ठेवा. तंबू उभा करणं, सपाट गाठ आणि खुंट्याची गाठ, काडेपेटी धरणं, कांदा चिरणं, अंधारात विजेरी समोरच्याच्या तोंडावर न मारणं. सहा-आठ मुलींचा गट आणि त्यांच्यातलीच एक गटनायिका ही स्काउट-गाईडची जुनी पद्धत वापरा. तिच्याहून चांगली मला तरी माहीत नाही. शाळेत गाईडचं पथक असेल तर त्या बाईंनाच प्रमुख करा. पुण्यात आळंदी रस्त्यावर जागतिक गाईड चळवळीचं ‘संगम’ केंद्र १९६६ पासून आहे, जगभरातल्या मुली तिथे येऊन राहतात. मुलींनी घराबाहेर राहून शिकावं ही कल्पना या शहराला नवी नाही, हे शंका काढणाऱ्या आजोबांना जरूर सांगा.

याच दिवशी गट जाहीर करा. जिवलग मैत्रिणींपैकी एकच जोडी एका गटात, आणि जिला कोणीच मैत्रीण नाही तिला आधी विचार करून चांगल्या गटनायिकेकडे द्या. गटांवर बाईंनी खरंच वेळ घालवावा, पालकांनी त्यात बोलू नये.

शिबिरात: दिवस

बसमध्ये चढताना, उतरताना, प्रत्येक जेवणाआधी आणि झोपताना मोजणी. मोजणी गटनायिका करते, मावशी पुन्हा करते, आकडा प्रमुख बाईंच्या वहीत जातो.

पोचल्यावर पहिला तास तंबूंचा. इथेच पालकांची परीक्षा असते. तंबू वाकडा उभा राहील, परत पडेल, मुली एकमेकींवर ओरडतील. हात मागे बांधून उभे राहा. कोणाच्या डोक्यात खांब बसणार नाही एवढंच बघा. अर्ध्या तासाचं काम दीड तासाने संपतं, तेवढा वेळ वेळापत्रकात आधीच धरा.

स्वयंपाक गटागटाने. मोठ्या चुलीवर मोठ्यांनी खिचडी करावी, पण एक जेवण तरी पूर्ण मुलींचं असावं. पिठलं-भात छान जमतो. चुलीभोवती चुन्याची रेघ आखा, एका वेळी दोघी आत, केस घट्ट बांधलेले, ओढणी-स्कार्फ नाही, सुती कपडे. शेजारी पाण्याची बादली. पनीर, दुधाची मिठाई, आदल्या रात्रीचा भात वर्ज्य. पाणी उकळून गार केलेलं, आणि दर दोन तासांनी ‘बाटल्या’ अशी हाक. थंडीत मुली पाणी पीत नाहीत, मग डोकं दुखतं. जुलाब झाले तर ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

चढणीला सकाळी सातपर्यंत निघा. सर्वांत हळू चालणाऱ्या मुलीला पुढून दुसरी ठेवा, चाल तिच्या पायांनी ठरते. शेवटी एक मावशी, जिच्या मागे कोणी नाही. अर्ध्या वाटेवर ‘आता नको’ म्हणणारी एक तरी असते. तिच्यासोबत परतायला दोन मोठी माणसं आधीच नेमलेली असू द्या. पण पहिल्याच ‘नको’ला परतू नका. पाणी, गूळ आणि दहा मिनिटं बसणं, एवढ्याने बहुतेक जणी उठतात.

शिबिरात: रात्र

अंधार पडला की घराची आठवण सुरू होते, आणि पहिल्या रात्री ती लागोपाठ पसरते. एक रडली की चौघी रडतात. रडणाऱ्या मुलीला काम द्या: कंदील धरायला, उद्याचे पोहे निवडायला. घरी फोन लावून देऊ नका, आवाज ऐकला की ती रात्रभर झोपत नाही. ही गोष्ट पालकांना निघण्याआधीच सांगितलेली असावी. शाळेतून रोज रात्री नऊला ‘सगळ्या जेवल्या, ठीक आहेत’ एवढा एक निरोप सगळ्यांना जाईल.

भुताच्या गोष्टी नकोत. आकाश बघा. डिसेंबरच्या रात्री पूर्वेकडून मृग वर येतो, त्याच्या वर रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका. अमावस्येच्या जवळची तारीख धरली असेल तर शहरात कधी न दिसणारं आकाश मुलींना दिसतं.

मुली झोपल्यावर पहारा. दोन-दोन बायकांच्या पाळ्या, तीन तासांची एक पाळी. प्रत्येक संडासापर्यंतच्या वाटेवर कंदील. रात्री जायचं तर मुलीने शेजारणीला उठवायचं, आणि पाहऱ्यावरची मावशी दोघींसोबत दारापर्यंत जाईल. तंबूची चेन कायम बंद, बूट पिशवीत बांधून आत, सकाळी घालण्याआधी झटकून.

काही झालंच तर

शिबिराच्या जागी एक गाडी चावीसह कायम उभी आणि तिचा चालक ठरलेला. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. पण डोंगराळ भागात आपली गाडी आधी पोचते.

साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळून बांधायची नाही. मुलीला आडवं ठेवा, चावलेला हात किंवा पाय फळीला हलका बांधून स्थिर करा, धीर द्या आणि निघा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही जातींवर एकच लस चालते, त्यामुळे साप पकडत बसू नका. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि कधी कधी दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे एखादी मुलगी पोटात दुखतंय म्हणाली आणि तिच्या पापण्या जड दिसल्या, तर ॲसिडिटी समजून थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. लाल विंचवाचंही तसंच. घाम, थंड हातपाय, उलट्या दिसल्या की गाडी काढा. त्यावरची प्राझोसिन गोळी कशी जीव वाचवते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. आज हा विंचू चावलेला माणूस वेळेत पोचला तर बहुधा वाचतो.

मधमाश्या उठल्या तर हात झाडायचे नाहीत, मेलेल्या माशीच्या वासाने आणखी येतात. तोंड झाकून बंद जागेत पळायचं, नांगी नखाने खरवडून काढायची. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला तर रुग्णालय. मोहोळ असलेल्या झाडाखाली शेकोटी करू नका आणि अत्तर लावून कोणी येऊ नका.

मोजणीत एक मुलगी कमी आली तर सगळ्यांना जागच्या जागी बसवा, दोन माणसं संडासाकडे, दोन पाण्याकडे, एक शेवटच्या थांब्याकडे. पंधरा मिनिटांत सापडली नाही तर ११२ वर फोन आणि गावातल्या पोलीस पाटलांना निरोप. शाळेचं नाव खराब होईल म्हणून थांबायचं नाही.

परतल्यावर

प्रत्येक मुलगी नोंदवलेल्या माणसाच्याच ताब्यात, सही घेऊन. काका आलेत, शेजारी आलेत, तरी आईला फोन झाल्याशिवाय नाही.

आठवड्याच्या आत दोन बैठका. पहिली मुलींची, पालकांशिवाय. काय नको होतं हे चिठ्ठीवर नाव न घालता लिहायला सांगा आणि चिठ्ठ्या बाईंनी एकट्याने वाचाव्यात. दुसरी पालकांची. हिशेब मांडा, उरलेले पैसे पुढच्या वर्षाच्या नावे शाळेकडे जमा करा. औषधपेटीत काय वापरलं, शिधा किती उरला, कुठल्या संडासाची कडी बसत नव्हती, रुग्णालयाला जायला खरोखर किती वेळ लागतो, हे एका वहीत लिहून काढा आणि ती वही पुढच्या चौथीच्या पालकांना त्यांच्या पहिल्या बैठकीत द्या. तंबू घडी करण्याआधी दोन उन्हं दाखवा, नाहीतर बुरशी धरते.